केक किती किलोचा?

प्रश्न : मुलीचं लग्न जानेवारीत, वसईच्या चर्चमध्ये. रिसेप्शनला 250 माणसं. बेकरीवाला 5 मजली, 25 किलोचा केक घ्या म्हणतो. एवढा लागेल का?
– एक आई, वसई

उत्तर : ताई, 25 किलो म्हणजे उरलेला केक आठवडाभर शेजारीपाजारी वाटत फिराल! जेवणानंतर केकचा तुकडा 40 ग्रॅमचा पुरतो. किलोत 25 तुकडे, म्हणजे 250 जणांना 10 किलो. वर एक किलो जादा धरा, कापताना चुरा होतोच. हा हिशेब घट्ट प्लम केकचा. क्रीमचा स्पंज पातळ कापला की ताटलीत आडवा पडतो. त्याचे 60 ग्रॅम धरा, म्हणजे 15 किलो.

फोटोसाठी मजले हवेतच? मग एक थर खरा, बाकी थर्माकोलवर आयसिंग. वाटायचा केक आत चौकोनी ट्रेमध्ये ठेवा, गोल केकपेक्षा तुकडे सारखे पडतात.

फक्त सुरी कुठल्या थरात घालायची ते नवरानवरीला आधी दाखवा. माझ्या भाचीच्या लग्नात जावईबापूंनी जोर लावून थर्माकोलच कापला. माइक शेजारीच होता, कर्रकन आवाज अख्ख्या हॉलने ऐकला.