तीनशे नावं आलीत, कुठे पाठवू? आधी कुठेच पाठवू नका

तुमचा प्रश्न वाचला. विद्यापीठाच्या समाजसेवा विभागाचं काम नुकतंच तुमच्याकडे आलंय, पहिल्याच आठवड्यात तीनशे विद्यार्थ्यांनी नावं नोंदवलीत, आणि त्यांना कुठे पाठवायचं, तास कसे मोजायचे ते कळत नाहीये. मी हे काम चौदा वर्षं केलं. माझं म्हणणं एवढंच आहे: विद्यार्थ्यांची यादी बाजूला ठेवा आणि आधी संस्थांकडे जा.

आपण बहुतेक जण उलटं करतो. मुलांना शनिवार मोकळा असतो, म्हणून शनिवारचं काम शोधतो. पहिली तीन वर्षं मीही तेच केलं. एका संस्थेत एकाच दिवशी चाळीस मुलं पाठवली. तिथे पूर्णवेळ माणसं तीन. त्या तिघांचा अख्खा दिवस आमच्या मुलांना काम काढून देण्यात गेला. शेवटी मुलांनी एक भिंत रंगवली. आदल्याच वर्षी दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी तीच भिंत रंगवली होती, हे मला खूप नंतर कळलं. संस्थेने तक्रार केली नाही. विद्यापीठाला नाही म्हणणं त्यांना जड जातं, हे कायम लक्षात ठेवा.

हे दुखणं जुनं आहे. १९६८ मध्ये मेक्सिकोत विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मी तितक्या टोकाला जात नाही. मला सेवेतून शिक्षण या विषयाचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं तत्त्व जास्त उपयोगी पडलं: सेवा कोणती हवी, हे ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनी ठरवायचं. वाचायला सोपं वाटतं. मला ते समजलं एका ध्वनिमुद्रणामुळे.

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम आमच्याकडे होतं. भौतिकशास्त्राच्या एका मुलीने एक अख्खं प्रकरण वाचलं. उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. ज्याच्यासाठी वाचलं त्याने तिला सांगितलं, "ताई, वाचन छान आहे. पण 'आकृती पाहा' म्हणून तू पुढे गेलीस. मी काय पाहू?"

ती त्याच्याजवळ बसली आणि बहिर्वक्र भिंगाची आकृती शब्दांत सांगू लागली. किरण भिंगातून गेल्यावर वळतो, म्हणाली. त्याने विचारलं, "कुठल्या बाजूला? आणि नाभी भिंगापासून किती लांब धरू?" तिला तीनदा मागे जावं लागलं. शेवटी पुठ्ठ्यावर दोरे चिकटवले, त्यावरून त्याने बोट फिरवलं, तेव्हा आकृती पोचली. एका आकृतीला पाऊण तास. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सर, ही आकृती मी दोन वर्षं नुसती काढत होते." त्यानंतर आमच्याकडे ध्वनिमुद्रणाचं प्रशिक्षण ऐकणारी मुलंच देऊ लागली, आणि वाचलेलं चाललं की नाही हेही तीच ठरवायची.

आता तासांबद्दल. तासांची अट मला चुकीची वाटत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. मेक्सिकोत पदवीसाठी किमान ४८० तासांची सामाजिक सेवा करावीच लागते. अट नसती तर कितीतरी मुलांनी उंबरठाही ओलांडला नसता. बिघडतं ते तास वाटण्यात. बारा ठिकाणी दहा-दहा तास करणाऱ्याचं नाव कुठेच कोणाच्या लक्षात राहत नाही. लहान मुलांना शिकवायचं काम असेल तर किमान एक सत्र, तोच वार, तीच वेळ, तेच विद्यार्थी. जमत नसेल त्याला दुसरं काम द्या. तिथे भिडेला बळी पडू नका. जाण्यायेण्याचा वेळ मोजायचा की नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर सत्राअखेर त्यावरूनच वाद होतात.

संस्थेशी अर्ध्या पानाचा लेखी करार पुरतो: काम कोणतं, किती जण, अडचण आली तर कोणाला विचारायचं, फोटो काढायचे की नाही, आणि परीक्षेच्या काळात काय. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. आपली मुलं परीक्षेला गायब होतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत वर्गातली छोटी मुलं दाराकडे बघत बसतात. तारखा आधी कळवल्या तर संस्था पर्यायी सोय करते.

तीनशेंपैकी पहिल्या सत्रात पन्नास-साठ जणांनाच काम मिळालं तर घाबरू नका. बाकीच्यांना सरळ सांगा की पुढच्या सत्रात पाठवू, आणि तोवर प्रशिक्षण सुरू करा. वरून आकडे मागतील, तेव्हा किती मुलं गेली यापेक्षा किती मुलं सत्रभर टिकली, तो आकडा पुढे ठेवा.

पहिल्या भेटीला विद्यार्थी नेऊ नका, बॅनर तर मुळीच नको. एकटे जा, तासभर बसा, आणि विचारा की याआधी आलेल्या स्वयंसेवकांनी कोणतं काम अर्धवट टाकलं. माझा अनुभव असा की पहिल्यांदा "काही नाही हो" असंच उत्तर येतं. तेव्हा उठू नका.