सगळं सॉफ्टवेअर हाताने इन्स्टॉल करून क्लाउड सर्व्हरची इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढून ठेवली तर पुरे, की त्या सगळ्या कमांड्सची स्क्रिप्टही लिहायला हवी?

चालेल की. दोन वर्षं मस्त चालेल. माझी तेवढीच चालली.

पीएचडी करताना आमच्या ग्रुपसाठी मी अशीच एक इमेज बनवली होती. उबुंटूवर ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) सोर्सपासून कंपाइल केलं, त्याला प्लुमेड या जोड-लायब्ररीचा पॅच लावला, विश्लेषणासाठी कोंडा या पॅकेज मॅनेजरचं एन्व्हायर्नमेंट. तीन दिवस गेले. कमांड्स कुठेतरी लिहून ठेवू का, असं गाईडना विचारलं, तर सर म्हणाले, "इमेज आहे म्हणजे सगळं आहे. स्क्रिप्टमागे वेळ घालवू नकोस, पेपर लिही." मी ऐकलं. वर स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत, जिच्यापासून इमेज बनते) घेण्याआधी मन लावून साफसफाई केली: एसएसएच कीज (लॉगिनच्या किल्ल्या) काढल्या, लॉग उडवले, बॅशची हिस्टरी (टाइप केलेल्या कमांड्सची यादी) पुसली. हिस्टरी पुसणं बरोबरच होतं, त्यात टोकन वगैरे राहून जातात. फक्त ती सर्व्हर कसा उभा केला याची एकमेव नोंद होती, हे डोक्यात आलं नाही.

पुढे रिव्ह्यूअरने दोन सिम्युलेशन्स वेगळ्या तापमानाला पुन्हा करायला सांगितली. इमेज सुरू केली, लॉगिन झालं, रन टाकला आणि एक ओळ आली: इल्लीगल इन्स्ट्रक्शन, म्हणजे या सीपीयूला न कळणारी सूचना. बस. ग्रुप मीटिंगमध्ये सरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की "याची इमेज बिघडलीये."

इमेज बिघडली नव्हती. तेव्हा गप्प बसलो, आता इथे सांगतो. ग्रोमॅक्स कंपाइल होताना ज्या मशीनवर बसलंय त्याचा सीपीयू बघतं आणि त्याला झेपतील त्या सगळ्यात वरच्या सिमड सूचना (एका झटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) निवडतं. मी इंटेलच्या एव्हीएक्स-५१२ (अशा सूचनांचा एक वरचा संच) वाल्या मशीनवर कंपाइल केलं होतं. दोन वर्षांनी पैसे वाचवायला सरांनीच एएमडीचं स्वस्त मशीन घ्यायला लावलं, आणि २०२२ मध्ये झेन ४ येईपर्यंत एएमडीकडे एव्हीएक्स-५१२ नव्हतंच. म्हणजे इमेज जशीच्या तशी होती, खालचं मशीन बदललं होतं.

मग पुन्हा कंपाइल करायचं ठरलं. पण कुठल्या पर्यायांनी? वाचवलं ते जुन्या रनच्या लॉग फाइलने. ग्रोमॅक्स प्रत्येक लॉगच्या सुरुवातीला आवृत्ती, कंपायलर, फ्लॅग्ज, एफएफटी लायब्ररी सगळं छापतं. तरीही ऊर्जेचे आकडे जुन्यांशी जुळेनात. आठवडाभर डोकं आपटल्यावर मूळ फाइल्सशी डिफ करून (ओळीने ओळ ताडून) पाहिलं, तर फोर्सफील्डच्या (अणूंमधल्या बलांच्या आकड्यांच्या) एका फाइलमध्ये एक ओळ हाताने बदललेली. बदलली मीच होती. का, ते आजही आठवत नाही. पेपरच्या सप्लिमेंटरीत तो बदल टाकताना जी लाज वाटली, तिच्यामुळे हे उत्तर लिहितोय.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: स्क्रिप्ट आधी, इमेज नंतर. साधी बॅश स्क्रिप्ट चालेल, पॅकर (इमेज आपोआप बनवणारं साधन) वापरलंत तर इमेज काढण्यापर्यंतचं सगळं तेच करतं. आवृत्त्या नेमक्या लिहा, 'लेटेस्ट' कुठेही नको. सिमड स्वतः ठरवा; एव्हीएक्स२ (एव्हीएक्स-५१२ च्या आधीचा संच) दिलं तर थोडा वेग जातो, पण सध्याच्या बहुतेक एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) मशीनवर चालतं. आर्म मशीनची (त्यांचा सीपीयू वेगळ्याच घराण्याचा) इमेज वेगळीच काढावी लागते. सॉफ्टवेअर होम डिरेक्टरीत नको, सिस्टिमच्या 'ऑप्ट' डिरेक्टरीत टाका. डेटा वेगळ्या डिस्कवर. रूट डिस्क लहान ठेवा, कारण ती नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही. शेवटी एसएसएचच्या होस्ट कीज काढा (नाहीतर सगळे सर्व्हर एकच ओळख घेऊन फिरतात), मशीन-आयडीची (मशीनच्या ओळख क्रमांकाची) फाइल रिकामी करा, 'क्लाउड-इनिट क्लीन' ही कमांड चालवा, म्हणजे नवा सर्व्हर पहिल्यांदाच सुरू झाल्यासारखा उठतो. जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) असेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपोआप अपडेट होणं बंद करा, नाहीतर एके सकाळी ड्रायव्हर गायब. ॲमेझॉनच्या क्लाउडवर इमेज एकाच रीजनपुरती (एका भागातल्या डेटा सेंटर्सपुरती) असते, आणि ती काढून टाकली तरी मागचा स्नॅपशॉट राहू शकतो. त्याचं बिल चालू राहतं.

हो, दोन आठवड्यांचंच काम असेल तर हाताने काढलेला स्नॅपशॉट पुरे, मी उगाच घाबरवत नाही. कंटेनर (सॉफ्टवेअर त्याच्या लायब्ररींसकट बांधलेला गठ्ठा) वापरा असंही कोणीतरी सांगेल, आणि वापराच. पण जीपीयूचा ड्रायव्हर आणि कर्नल कंटेनरच्या बाहेरच राहतात, आणि सिमडची भानगड आतही तीच. लायसन्सवालं सॉफ्टवेअर असेल तर इमेज इतरांना देण्याआधी अटी वाचा. आणि ज्या इमेजवरून निकाल छापलेत ती मात्र स्क्रिप्ट असली तरी जपा.

हल्ली नवी इमेज तयार झाली की, अजून एकही रन झालेला नसताना, मी ती डिलीट करतो, स्क्रिप्टवरून पुन्हा काढतो आणि वेगळ्या सीपीयूच्या मशीनवर चालवून बघतो. एकदा हे सरांसमोर करायची फार इच्छा आहे.