आपले प्रश्न : फुफ्फुसाचा कर्करोग आणि पेशींभोवतीचे जाळे

प्रश्न : माझ्या आईच्या फुफ्फुसातील २ सेंटिमीटरची गाठ शस्त्रक्रियेने काढली. अहवालात अ‍ॅडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) असून ‘इन्व्हेजन ४ मिलिमीटर’ असे लिहिले आहे. कर्कपेशी आजूबाजूचे पडदे विरघळवून पुढे सरकतात, असे डॉक्टरांनी सांगितले. मग ही विरघळवणारी द्रव्येच रोखणारे औषध का देत नाहीत?

उत्तर : आधी अहवालातील आकड्याविषयी. वायुकोशांच्या अस्तराखाली कोलॅजेन आणि लॅमिनिन या प्रथिनांचे एक अतिशय पातळ आधारपटल असते. कर्कपेशी या पटलाच्या वर, वायुकोशांच्या भिंतींना धरून पसरत असतात तोवर शिरकाव (इन्व्हेजन) झाला असे म्हणत नाहीत. पटल ओलांडून खालच्या ऊतीत घुसलेला भाग तेवढा मोजला जातो, आणि आपल्या आईच्या गाठीत तो ४ मिलिमीटर आहे. २०११च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार ३ सेंटिमीटरपर्यंतच्या, मुख्यत्वे भिंतींवरच पसरलेल्या एकट्या गाठीत हा भाग ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल, आणि रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या व फुफ्फुसावरण मोकळे असेल, तर तिला अत्यल्प शिरकावाची गाठ म्हणतात. अशी गाठ पूर्ण काढल्यावर रुग्णाचे पुढचे भवितव्य फार चांगले असते. आईची गाठ या सर्व अटींत बसते का, हे मात्र तिच्या डॉक्टरांनाच विचारावे.

आता औषधाविषयी. आपल्याला सुचलेला विचार संशोधकांनाही सुचला होता. कोलॅजेन कापणारे विकर (एन्झाइम) जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या संशोधकांना १९६२ मध्ये बेडकाच्या पिलाच्या झडणाऱ्या शेपटीत सापडले. माणसात अशा विकरांचे वीसहून अधिक प्रकार आहेत. १९९०च्या दशकात त्यांना रोखणारी औषधे तयार झाली आणि फुफ्फुसाच्या कर्करोगातही वापरून पाहिली गेली. फुफ्फुसाच्या लघुपेशी प्रकारच्या कर्करोगात मॅरिमास्टॅट या औषधाने आयुष्य वाढले नाही, सांधे व स्नायू मात्र दुखू लागले; फुफ्फुसाच्या इतर प्रकारच्या प्रगत कर्करोगात केमोथेरपीला प्रिनोमास्टॅट या तशाच औषधाची जोड देऊनही फरक पडला नाही.

औषधे रोगाच्या फार उशिराच्या टप्प्यावर दिली गेली, आणि ती नको त्या विकरांनाही अडवत होती, ही कारणे खरीच आहेत. शिवाय विकरे अडवली तरी काही कर्कपेशी आकार बदलून पेशींभोवतीच्या, कोलॅजेनसारख्या प्रथिनांनी विणलेल्या जाळ्याच्या छिद्रांतून अंग चोरून पलीकडे जातात. पण माझ्या मते मूळ चूक या जाळ्याला केवळ निर्जीव भिंत समजण्यात होती. हे जाळे पेशीला आदेशही देते. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाचे रेणू त्याला धरून असतात, आणि जाळे किती ताठ आहे याची जाणीव आतपर्यंत पोहोचवतात. निरोगी फुफ्फुस अत्यंत मऊ असते. गाठीजवळचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे जाळे विणणाऱ्या पेशी, मात्र जास्त कोलॅजेन तयार करतात, आणि लायसिल ऑक्सिडेजसारखी विकरे त्याच्या तंतूंना एकमेकांशी पक्के जोडतात, त्यामुळे ऊती ताठ होत जाते. ताठ जाळ्यावर ओढ घेताना त्यात साठवलेला टीजीएफ-बीटा हा वाढघटक सुटतो. तो कर्कपेशींना एकमेकींपासून सुटून फिरते होण्यास उद्युक्त करतो आणि फायब्रोब्लास्टकडून आणखी कोलॅजेन करवून घेतो. एका दिशेने लागलेले जाड तंतू तर पेशींना पुढे सरकण्याची वाट बनतात. म्हणजे शिरकावासाठी जाळे तोडणे जितके लागते, तितकेच नवे जाळे विणणेही लागते, आणि ती औषधे तोडणे तेवढे थांबवू पाहत होती.

जाळ्याचा आणखी एक उपद्रव आहे. लघुपेशी कर्करोगाच्या पेशी फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन या जाळ्यातील प्रथिनांना इंटिग्रिनद्वारे चिकटलेल्या असतील तर केमोथेरपीच्या माऱ्यातही तगतात, हे १९९९ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले.

प्रश्न : काकांना फुफ्फुसाचा फायब्रोसिस आहे. त्यांना कर्करोगाचा धोका जास्त आहे का? आणि ताठ झालेले जाळे मऊ करणारे औषध मिळते का?

उत्तर : फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसात व्रण होऊन ते ताठ होत जाणे. कारण न सापडणाऱ्या, म्हणजे इडिओपॅथिक फायब्रोसिसमध्ये हा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असतो, आणि त्याचे सगळे खापर धूम्रपानावर फोडता येत नाही. गाठी बऱ्याचदा व्रण झालेल्या भागातच, फुफ्फुसाच्या कडेला सापडतात. त्यामुळे काकांच्या सीटी स्कॅनमध्ये नवी गाठ दिसली तर ती जुन्या आजाराचाच भाग आहे असे धरून चालू नये.

कोलॅजेनचे तंतू जोडणाऱ्या एका विकराविरुद्ध सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) या फायब्रोसिसमध्ये वापरून पाहिले गेले, पण ते निष्फळ ठरले. निन्टेडॅनिब हे औषध मात्र उपयोगी पडते. २०१४ मध्ये अमेरिकेत ते या फायब्रोसिससाठी मंजूर झाले, आणि त्याच वर्षी युरोपात प्रगत अ‍ॅडेनोकार्सिनोमासाठी डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीने. फायब्रोब्लास्टना चेतवणारे काही संदेश ते अडवते. झालेला व्रण त्याने विरघळत नाही. पुढे होणाऱ्या व्रणाचा वेग तेवढा मंदावतो.