सीओडीसाठी (सांडपाण्यातलं प्रदूषण मोजायची एक चाचणी) रोज पोटॅशियम डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं नारिंगी मीठ, हाताळतो. सीनियर म्हणतात काही होत नाही. खरंच होत नाही का?

होतं. फक्त दुखत नाही, म्हणून ‘काही होत नाही’ असं वाटतं.

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. करून वडोदऱ्यात सांडपाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये लागलात, आणि ग्लोव्हज मागितले की सीनियर हसतात. मीही नंदेसरीच्या बाजूला अशाच कामात बरीच वर्षं काढली. तिथले सीनियर म्हणायचे, ‘कंई ना थाय’. माझ्या उजव्या तर्जनीला नखाच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला होता. महिनाभर तो मी कागदाचा काप समजत होतो. ना आग, ना ठणका. दांडिया बाजारातल्या आमच्या डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ एवढंच विचारलं आणि ओळखलं. क्रोमचा व्रण असाच असतो: बारीक ओरखड्यातून डायक्रोमेटमधलं षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) आत शिरतं आणि गुपचूप खोल जातं. श्वासातून गेलं तर नाकाच्या पडद्यालाही असंच भोक पडतं, तेही न दुखता. १९४८ च्या कारखाना कायद्यातच हा व्रण सरकारला कळवायच्या रोगांत मोजला होता. शिवाय षट्संयुजी क्रोमियम माणसात कॅन्सर घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. धोका मुख्यतः फुप्फुसांना.

व्रण भरला, ॲलर्जी मात्र राहिली. हल्लीचं बहुतेक चामडं क्रोम मिठानेच कमावतात, त्यामुळे बूट घातले की माझे पाय खाजतात. खरी कोल्हापुरी चालते, कारण ती बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेली असते. घरचे म्हणतात, बरं झालं, शोभते तरी.

आता कामाचं. तयार द्रावणापेक्षा कोरडी भुकटी जास्त वाईट. ०.२५ नॉर्मल तीव्रतेच्या एक लिटर द्रावणासाठी १०३ अंशांवर दोन तास सुकवून १२.२५९ ग्रॅम तोलता ना, तेव्हा ती उडते. मे महिन्यात पंखा बंद करा म्हटलं की लॅबमध्ये शिव्या बसतात, तरी तोलताना तो बंदच हवा. एन-९५ मास्क, नायट्रिलचे ग्लोव्हज, चष्मा. साहेब ऐकत असतील तर तयार द्रावणच मागवा, तोलायची भानगडच नको. सांडलं तर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने टिपा. लाकडाचा भुसा तर अजिबात टाकू नका: हे मीठ जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, भुसा पेटू शकतो. अल्कोहोल-ॲसिटोनच्या कपाटातही बाटली ठेवू नका.

हातावर आलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं. डोळ्यात गेलं तरी तेच, आणि मग डॉक्टर. पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका, थेट हॉस्पिटल गाठा. एखादा ग्रॅमही जीवघेणा ठरू शकतो, मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून लॅबच्या टेबलावर सेव-उसळ खाणं बंद. आम्ही खायचो, त्याच टेबलावर.

आता सिंकबद्दल, कारण इथे बहुतेक जण चुकतात. टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणं) संपून फेरॉइन या दर्शकाचा रंग तांबूस झाला की फ्लास्कमधलं क्रोमियम त्रिसंयुजी झालेलं असतं, म्हणजे पुष्कळच सौम्य. पण क्लोराइडचा अडथळा टाळायला घातलेलं मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे पाऱ्याचं मीठ, कुठे गेलं? पारा तिथेच आहे, चाचणीत वापरलेल्या मिठातली चांदीही, आणि भरपूर सल्फ्युरिक ॲसिड. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणून द्यायचं असतं. दुसऱ्याचं प्रदूषण मोजायचं आणि आपला पारा गटारात सोडायचा, हे मीही केलंय, त्याची लाज वाटते.

उरलेलं नारिंगी द्रावणही तसंच ओतू नका. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तुमच्या एका लिटरमध्ये क्रोमियमच सव्वाचार ग्रॅमच्या वर आहे. नुसतं पाणी घालून मर्यादेत आणायचं तर त्रेचाळीस हजार लिटर लागेल. त्याऐवजी पीएच २-३ ला आणून, हवेशीर जागी, सोडियम बायसल्फाइट थोडं थोडं घाला. नारिंगीचं हिरवं झालं की चुन्याने पीएच साडेआठच्या आसपास न्या. खाली बसलेला हिरवट गाळ पुन्हा घातक कचऱ्यातच.

आणि नखाजवळ खड्डा दिसला, तर दुखायची वाट पाहू नका, त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. नाकात खपली धरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना. काम काय करता ते त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.