सांधा, संधी आणि उखळ

प्रश्न असा आला आहे: ‘सहावीतल्या मुलाचा अभ्यास घेताना खांदा आणि खुबा यांच्यासाठी उखळीचा सांधा हा शब्द भेटला. बॉल अँड सॉकेटचं ओढूनताणून केलेलं भाषांतर वाटतं. उखळ पाहिलंय कुठे आताच्या मुलांनी? शिवाय पुस्तकात सांधा, आणि आजीला होतो तो संधिवात. सांधा आणि संधी एकच का?’

आधी शेवटचं. हो, मूळ एकच. ‘सम्’ आणि ‘धा’, म्हणजे एकत्र ठेवणं, जोडणं. ‘संधी’ संस्कृतातून जसाच्या तसा घेतला, ‘सांधा’ बोलता बोलता झिजून आला. झिजलेला शब्द हाताला लागणाऱ्या वस्तूंपाशी राहिला. सुतार चौकटीला सांधा घालतो, नळाचा सांधा गळतो, आगगाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथेही सांधाच. ‘संधी’ मात्र न दिसणाऱ्या जोडांकडे गेला: दोन स्वरांचा संधी, दिवस-रात्रीमधला संधिप्रकाश, दोन राजांमधला तह. संस्कृतात चोर भिंतीला भोक पाडतो त्यालाही संधीच म्हणतात. जोड म्हटला की फट आली, आणि आज आपण ‘संधी मिळाली’ म्हणतो त्या अर्थाच्या अगदी जवळ ही फट आहे असं मला वाटतं. शिरायला जागा सापडली, हेच ते.

आता उखळ. हा शब्द भाषांतरासाठी घडवलेला आहे, हे मला मान्य नाही. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, सांध्यांचे 8 प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला एक चक्क ‘उलूखल’ आहे. उलूखल म्हणजेच आपलं उखळ. तो कुठे असतो? काखेत, जांघेत आणि दातांच्या मुळाशी. काख म्हणजे खांद्याचा सांधा, जांघ म्हणजे खुब्याचा. पाठ्यपुस्तकाने शब्द थेट तिथूनच उचलला असा माझा दावा नाही, पण हाडाचा गोल शेंडा खोलगट जागेत फिरताना पाहून या देशातल्या माणसाला उखळ आठवलं, ही गोष्ट फार जुनी आहे.

त्या यादीतली बाकीची नावंही वाचण्यासारखी आहेत. कवटीच्या हाडांचा जोड तो ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण. कवटी पाहिली असेल तर हाडांच्या कडांची ती नागमोडी रेघ डोळ्यांपुढे येईल, खरंच धावदोरा घातल्यासारखी. जबड्याचा सांधा ‘वायसतुंड’, कावळ्याची चोच. कोपर, गुडघा, मनगट, घोटा आणि बोटं एका गटात, ‘कोर’ या नावाने. (आपलं ‘कोपर’ संस्कृत ‘कूर्पर’वरून आलं आहे.) सुश्रुत सांधे 210 मोजतो आणि लगेच सांगतो की हे फक्त हाडांचे, स्नायू आणि शिरांच्या सांध्यांना गणती नाही. हाडं तो 300 सांगतो, आज आपण मोठ्या माणसाची 206 शिकतो. फरकाचं एक कारण सरळ आहे: त्याच्या मोजणीत दात आणि कूर्चाही (कानाच्या पाळीच्या वर लागतं तसं मऊ, लवचिक हाड) आहेत.

कोपराला आज आपण ‘बिजागरीचा सांधा’ म्हणतो. बिजागरी पोर्तुगीजांकडून आली. म्हणजे एकाच पानावर एक शब्द सुश्रुताच्या ओळखीचा आणि दुसरा जहाजातून उतरलेला, आणि दोन्ही मराठीच. मला याचा आनंद वाटतो.

मुलाला उखळ दाखवायला खेड्यात न्यायची गरज नाही. घरातला खलबत्ता पुढ्यात ठेवा. बत्ता खलात पुढे, मागे, बाजूला झुकतो, गोल फिरतो. मग दाराची बिजागरी दाखवा, ती एकाच रेषेत उघडते-मिटते. (गुडघा दुमडलेला असताना थोडा वळतोही, पण सहावीला तेवढं सोडून द्यावं.) एक दुरुस्ती मात्र सांगा: खुब्याला उखळ शोभतं, कारण तिथली खोबण खोल आहे. खांद्याची खोबण इतकी उथळ की तिला बशी म्हणावं. म्हणूनच हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच खांदा चटकन निखळतो.

याच ओघात ‘वाटी’बद्दल. ‘आईच्या गुडघ्याच्या वाट्या बदलल्या’ असं आपण सर्रास बोलतो. गुडघ्याची वाटी म्हणजे पुढचं गोलसर हाड, आणि शस्त्रक्रियेत बदलतं ते मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचं घासलेलं टोक: त्यावर धातू बसवतात, मधे प्लास्टिकची गादी ठेवतात. वाटी बहुतेक तशीच राहते, फार तर आतून अस्तर लागतं. खुब्यात मात्र ज्या खोबणीत हाड फिरतं तीच वाटी, आणि पूर्ण खुबा बदलताना तिथे नवी वाटी खरोखरच बसवतात. बोलण्यातली चूक काढायला मी हे सांगत नाही; पण रुग्णाची समजूत घालताना कुठली वाटी ते स्पष्ट करावं.

राहता राहिलं लेखन. सुटा शब्द ‘संधी’, धी दीर्घ. समासात पहिला आला की ऱ्हस्व: संधिवात, संधिप्रकाश. ‘अस्थी’चंही तसंच, अस्थिसंस्था, अस्थिभंग. ‘सांधेदुखी’ला हा नियम लागत नाही, तिथे घरचा सांधाच आहे.