मोठा पडदा, छोटा पडदा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत ‘चित्रपट बघवत नाही’, ‘गेम खेळवत नाही’ असा सूर बराच आहे. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी चित्रपट आणि गेम दोघंही निर्दोष आहेत. घोळ मधल्या यंत्रात, नाहीतर आपल्या हिशेबात आहे.

प्रश्न : नवा ५५ इंची टीव्ही घेतला. थिएटरात आवडलेला चित्रपट त्यावर लावला, तर तो थेट सायंकाळच्या मालिकेसारखा दिसतो. युद्धसुद्धा कुणीतरी अंगणात शूट केल्यासारखं वाटतं. पॅनेल खराब आहे का? (डोंबिवली)

पॅनेल उत्तम आहे, फक्त टीव्ही नको तेवढा हुशार आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला किमान ६० वेळा ताजा होतो. २४ ने ६० ला भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र किंचित अडखळतं. हे अडखळणं झाकायला टीव्ही दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः कल्पलेल्या फ्रेम घुसवतो. हालचाल लोण्यासारखी होते खरी, पण सेकंदाला ५० अर्धचित्रं टिपणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवरच्या मालिका वर्षानुवर्षं पाहून आपल्या डोळ्यांनी हा गुळगुळीतपणा ‘मालिका’ या खात्यात जमा केलेला आहे. २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ मुद्दाम ४८ फ्रेमनी दाखवला गेला, तेव्हाही प्रेक्षकांची हीच तक्रार होती.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंगमध्ये पिक्चर किंवा चित्र या भागात जा. सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो असं नाव असेल. ते बंद करा. अजिबात बंद केल्यावर अडखळणं खुपत असेल, तर एलजीवर ‘युजर’ निवडून डी-जडर (अडखळणं कमी करणारा आकडा) २ च्या आसपास ठेवा. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडला की हे सगळं आपोआप बंद होतं.

आता लोक जिथे फसतात ती जागा. बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळी साठवली जाते. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलीत तरी टीव्हीतल्या ॲपवर ती चालूच राहते. एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारा) चित्रपट लागला की आणखी तिसराच संच लागू होतो. म्हणून चित्रपट लावा, तो सुरू असतानाच सेटिंग उघडा आणि तिथे बदल करा. क्रिकेटसाठी ती चालू ठेवायला हरकत नाही, चेंडूमागची रेघ कमी होते. टीव्हीला गेमिंगचं यंत्र जोडलं असेल तर मात्र गेम मोडच लावा. मधल्या फ्रेम कल्पायला टीव्हीला वेळ लागतो आणि तेवढं बटण उशिरा लागतं.

प्रश्न : फोनवर चित्रपट पाहताना दोन बोटांनी ताणून पडदा भरून घ्यावा का? काळे पट्टे नको वाटतात. (लातूर)

चित्रपट कुठल्या आकाराचा आहे त्यावर ठरवा. आजचे बरेच फोन २०:९ आहेत, म्हणजे रुंदी उंचीच्या २.२२ पट. रुंद ‘स्कोप’ चित्रपट २.३९ पट असतो. तो ताणला तर दोन्ही बाजू मिळून जेमतेम ७ टक्के चित्र जातं, चालून जाईल. पण १.८५ चा चित्रपट ताणलात तर वरखालचा सहावा हिस्सा कापला जातो, आणि १६:९ मधली वेबमालिका ताणलीत तर पाचवा. क्लोजअपमध्ये कपाळ जातं, हातातली चिठ्ठी चौकटीबाहेर जाते आणि सबटायटल ओठांवर येऊन बसतात. पट्टे वरखाली असतील तर ताणा. डावी-उजवीकडे असतील तर हात आवरा.

प्रश्न : बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमचे पहिले दोन सामने मस्त जातात. तिसऱ्यापासून चित्र तुटायला लागतं, नेमका शेवटच्या वर्तुळात फोन दगा देतो. दुकानदार म्हणतो रॅम कमी आहे, नवा घ्या. (अकोला)

रॅम कमी असती तर पहिल्या सामन्यातही रडगाणं असतं. तासाभराने सुरू होणारी तक्रार ही उष्णतेची. चिप तापली की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवते. मग ६० फ्रेमचा वायदा तिला निभावत नाही, आकडा खालीवर हेलकावतो. डोळ्याला कमी फ्रेमपेक्षा हे हेलकावे जास्त टोचतात. ६० वर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातली एखादी ४० घेऊन आली की हात अडखळलाच.

आधी निदान पक्कं करा. तक्रार सुरू झाली की कोपऱ्यातल्या पिंगकडे, म्हणजे नेटवर्कला उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेच्या आकड्याकडे, पाहा. पिंग स्थिर आणि चित्र तुटतंय, तर दोष फोनचा. चित्र सरळ चालतंय पण शत्रू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतोय, गोळी लागूनही नोंद उशिरा होतेय, तर दोष नेटवर्कचा. त्याला ग्राफिक्स कमी करून काही फरक पडणार नाही, राउटरजवळ जाऊन बसा.

फोनचाच दोष निघाला तर ग्राफिक्स ‘स्मूथ’ करा. ‘एचडीआर’ने शत्रू लवकर दिसत नाही, उलट गवत आणि सावल्या वाढतात. मग फ्रेम रेट एक पायरी उतरवा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे ६०, ‘अल्ट्रा’ म्हणजे ४०, ‘हाय’ म्हणजे ३०. यात एक खुबी आहे. पडदा १२० हर्ट्झवर चालत असेल, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजा होत असेल, तर ४० चा भाग सरळ जातो, प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दिसते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४० बसत नाही, एक फ्रेम एकदा आणि पुढची दोनदा असं लंगडं चालतं. तिथे ३० जास्त सुबक दिसतात. हाताला मात्र ४० चपळ लागतात, तेव्हा दोन्हीवर एकेक सामना खेळून ठरवा.

जाड रबरी कव्हर खेळताना काढून ठेवा. चार्जर लावून खेळू नका, कारण बॅटरी भरतानाही तापते आणि दोन्ही उष्णता एकाच डबीत कोंडतात. काही फोनांत ‘बायपास चार्जिंग’ असतं, त्यात वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला मिळते. ते असेल तर जरूर वापरा. ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असेल तर थोडा उतरवा. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी हवाच ४४ अंशांवर असते आणि फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. तेव्हा पंख्याखाली खेळा, नाहीतर सकाळी. आणि कुणी कितीही सांगितलं तरी फोन फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर माठाला सुटतं तसं पाणी सुटतं, फोनच्या आतसुद्धा.

दुकानदाराला सध्या नमस्कार कळवा.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा. ‘गेंशिन इम्पॅक्ट’मधलं एक पात्र तीन आठवड्यांत निघून जाणार म्हणून रिचार्ज मागतोय. ‘आता येणारच आहे’ हे त्याचं पालुपद. खरंच येतं का? (नाशिक)

येतं, पण केव्हा, याचा हिशेब कागदावर मांडा. मुलालाही सोबत बसवा, त्याला आकडे तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

या गेममध्ये हवं ते पात्र सोडतीत लागावं लागतं. एका सोडतीला १६० प्रिमोजेम, म्हणजे गेममधली रत्नं, लागतात. पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, पात्र लागण्याची शक्यता प्रत्येक सोडतीला ०.६ टक्के. नुसत्या नशिबावर सोडलं तर ९० सोडतींनंतरही शंभरातले ५८ जण हात हलवत परततील. म्हणून कंपनीने हमी ठेवली आहे : ९० व्या सोडतीपर्यंत एक पंचतारांकित मिळणारच. खेळाडूंच्या अनुभवात ७४ च्या पुढे शक्यता झपाट्याने चढते. हमी धरून एकत्रित शक्यता १.६ टक्के पडते, म्हणजे सरासरी सुमारे ६२ सोडतींना एक, अर्थात १०,००० प्रिमोजेम.

गोम पुढे आहे. जे पंचतारांकित मिळेल ते हवं तेच पात्र असेल असं नाही. पूर्वी ही शक्यता निम्मी-निम्मी होती, ऑगस्ट २०२४ पासून ती एकत्रित ५५ टक्क्यांवर आली. हुकलं तर पुढचं नक्की तेच. म्हणजे नशीब अगदीच फिरलं तर १८० सोडती, २८,८०० प्रिमोजेम. रोजच्या चार कामांतून फुकट मिळतात ६०. तेवढ्यावरच राहायचं तर ४८० दिवस. उत्सवांतून आणि नव्या प्रदेशांतून बरेच जास्त मिळतात, पण तीन आठवड्यांत हा डोंगर सहसा चढून होत नाही.

तेव्हा मुलाला ‘किती पाहिजेत’ विचारू नका, ‘किती झाल्या’ विचारा. सोडतीच्या पडद्यावर ‘हिस्ट्री’ असतं. शेवटच्या पंचतारांकितानंतरच्या ओळी मोजा. ७० झाल्या असतील आणि मागचं पात्र हुकलेलं असेल, तर त्याचं पालुपद खरं आहे, वीसेक सोडतींत काम होईल. १५ च झाल्या असतील तर थांबा. ही मोजणी वाया जात नाही, पुढच्या मर्यादित पात्राच्या सोडतीत तशीच चालू राहते. ‘आता निघून जाणार’ या घाईला बळी पडू नका, पात्रं पुन्हा येतात.

फोनची बाजूही बंदिस्त करा. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर, मग सेटिंगमध्ये, तिथे खरेदीच्या पडताळणीचा पर्याय ‘प्रत्येक वेळी’ करा. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं आणि ती वाट लांबची आहे.

प्रश्न : मोबाइलवरच्या लुडोत मलाच सहा पडत नाहीत. घरच्या चौघांत दर वेळी कुणीतरी अडकून बसतं. फासा लबाड आहे ना? (चिपळूण)

कुणीतरी अडकणं हेच प्रामाणिक फाशाचं लक्षण आहे. एकाला सलग दहा फेऱ्यांत सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के. चौघांपैकी निदान एकाचं तसं होण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वर. म्हणजे दर दोन डावांत एकदा घरातलं कुणीतरी हिरमुसणारच. लाकडी पटावरही हेच व्हायचं, पण तिथे फासा हळूच बोटाने फिरवायची सोय होती.

तरी शंका फिटत नसेल तर ३०० फेऱ्यांची नोंद करा, कागदावर सरळ उभ्या रेघांनी. सहा ५० च्या आसपास यायला हवेत. ३७ ते ६३ मध्ये काहीही आलं तरी फासा संशयातून सुटला. २५ च आले तर आम्हाला कळवा.

पैसे लावून लुडो किंवा रमी खेळवणारं ॲप असेल तर हा प्रश्नच उरत नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. ‘अडकलेली शिल्लक सोडवून देतो’ असा फोन आला तर ओटीपी सांगू नका.

प्रश्न : आयमॅक्ससाठी साताऱ्याहून पुण्याला जाणं परवडतं का? (सातारा)

चित्रपट त्या आकारासाठी चित्रित झाला असेल तरच. डिजिटल आयमॅक्सचा अवाढव्य पडदा १.९० चा, म्हणजे रुंदी उंचीच्या १.९० पट. तिथे स्कोप चित्रपट लावला तर वरखाली पट्टे येतात, मोठ्या पडद्यावर तोच चित्रपट पाहिल्यासारखं. ‘ड्यून : पार्ट टू’सारखा मुद्दाम त्यासाठी टिपलेला चित्रपट तेवढ्याच रुंदीत २६ टक्के जास्त उंची देतो. वाळवंट पायापाशी येऊन टेकतं ते तिथेच. तिकीट काढण्याआधी एवढंच तपासा की चित्रपट आयमॅक्ससाठी चित्रित आहे, की आयमॅक्समध्ये नुसता प्रदर्शित आहे. दुसरं उत्तर असेल तर एसटीचं भाडं वाचवा.

जागा मधली, मागच्या एक-तृतीयांश भागातली. थ्रीडी शक्यतो टाळा. साध्या प्रक्षेपणाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेडाचं आहे, चष्म्यातून त्याचा तिसरा हिस्सा डोळ्यापर्यंत पोहोचला तरी पुष्कळ. रात्रीचे प्रसंग तिथे काळोखातच उरकतात.

प्रश्न : आवडत्या चित्रपटावरचा गेम हमखास भंगार का निघतो? (पणजी)

कारण तो चित्रपटाच्या तारखेला बांधलेला असतो. १९८२ मध्ये ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा अटारी कंपनीचा गेम नाताळ गाठण्यासाठी जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला. न खपलेल्या गेमचे खोके न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरले आणि २०१४ मध्ये उकरून काढले. उलट ‘गोल्डनआय’ हा जेम्स बाँडचा चित्रपट आला १९९५ च्या नोव्हेंबरात आणि त्यावरचा गेम १९९७ च्या ऑगस्टात. तारीख चुकली म्हणूनच तो घडला, आजही लोक त्याचं नाव काढतात. मोबाइलवर तर सोपा मार्ग ठरलेला आहे : आधीच तयार असलेल्या धावण्याच्या खेळावर नायकाचा चेहरा चिकटवायचा. परवान्याची मुदत संपली की तो स्टोअरमधून नाहीसाही होतो, कधीकधी तुमच्या खरेदीसकट.

चित्रपटासारखा ऐवज गेममध्ये हवा असेल तर चित्रपटावर न बेतलेले गेम पाहा. पुण्यातल्या स्टुडिओने केलेला ‘राजी’ (२०२०) पाच-सहा तासांत संपतो, आणि भिंतींवरच्या चित्रांतून गोष्ट सांगण्याची त्याची रीत मोठ्या पडद्याला शोभेल अशी आहे. मारामारी मध्यानंतर तेच तेच होते, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.