उडालेले शिंगल: काळं सिमेंट फासून चालेल का, की बदलायलाच हवेत?

तुमच्या पोस्टवरून मला समजलं ते असं, की वादळी वाऱ्यात छपरावरचे दोन शिंगल (ओळीओळीने ठोकतात ते बारीक खडे लावलेले पातळ डांबरी तुकडे) पूर्ण उडालेत, एक मधोमध फाटून लोंबतोय, आत सीलिंगवर पिवळट डाग आलाय, दुरुस्तीचा माणूस यायला वेळ आहे आणि मेव्हणे म्हणतायत की डब्यातलं काळं रूफ सिमेंट (नाव सिमेंट, पण असतो डांबराचा चिकट लगदा) फासा आणि विसरून जा. फासा हे ठीक, विसरून जा हे नाही.

कारण शिंगलचं छप्पर चिकटवलेलं असतं म्हणून कोरडं राहत नाही, ते एकावर एक चढवलेलं असतं म्हणून राहतं. वरच्या ओळीचं पाणी खालच्या ओळीच्या पाठीवर पडतं, तिथून पुढच्या, असं करत पन्हाळीत. शिंगलच्या मागे जी डांबराची चिकट पट्टी असते ना, ती उन्हाने तापून खालच्याला धरते, पण ती वाऱ्यासाठी आहे, पाण्यासाठी नाही. त्यामुळे साधा हिशोब असा की जो उपाय नुसत्या चिकटपणावर उभा आहे तो तात्पुरता, आणि जो हा एकावर एक चढवण्याचा क्रम परत बसवतो तो पक्का. डब्यावर काहीही लिहिलेलं असू दे.

आता लगेच काय करायचं ते. ओल्या छपरावर चढू नका, हे सगळ्यात आधी. फाटलेल्या शिंगलला हळूच उचलून त्याच्या खाली सिमेंट लावा, दाबून बसवा, मग फटीवर पातळ हात, आणि पन्हाळीत साचलेले खडे (शिंगलवरचेच सुटलेले असतात ते) त्यावर भुरभुरा. हे शोभेसाठी नाही, डांबराला उन्हापासून वाचवणारे तेच खडे असतात, उघडं सिमेंट उन्हात वाळून तडकतं. शेजारचे शिंगल नुसते सुटून फडफडत असतील तर खाली नाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरे. लोक इथे अर्धा डबा ओततात आणि त्यातल्या सॉल्व्हंटने शिंगलचंच डांबर मऊ होऊन फोड येतात. शिवाय खालची कड पूर्ण लिंपली की आत गेलेलं पाणी बाहेर यायलाच जागा राहत नाही. सिलिकॉन तर अजिबात नको, डांबराला धड धरत नाही, कडेने सुटतं, आणि उरलेल्या थरावर पुढे काहीच चिकटत नाही म्हणजे पक्क्या कामाचीही वाट लावतं.

जे दोन उडालेत तिथे मी गॅल्व्हनाइज्ड किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून वरच्या ओळीच्या खाली जितका आत सरकेल तितका सरकवीन, खालचं टोक खालच्या ओळीच्या वर राहील असं, आणि मागे थोडं सिमेंट. दिसायला भिकार, पण पाणी वरून खाली योग्य वाटेने जातं म्हणून फासलेल्या सिमेंटपेक्षा कितीतरी बरं टिकतं. भाग मोठा असेल तर ताडपत्री, पण ती छपराच्या कण्यापलीकडे (दोन उतार वर मिळतात तिथून) दुसऱ्या उतारावर गेली पाहिजे, वरची कड उताराच्या मध्येच सोडली तर पाणी तिच्या खाली शिरतं. कडा लाकडी पट्टीला गुंडाळून ती पट्टी ठोका. चांगल्या शिंगलमध्ये जितके खिळे ठोकाल तितकी नवी भोकं, ती नंतर बुजवावी लागतात.

पक्क्या दुरुस्तीत जे लोकांना माहीत नसतं ते म्हणजे एक शिंगल काढायला दोन ओळींचे खिळे काढावे लागतात. त्याचे स्वतःचे साधारण ४, आणि वरच्या ओळीचे खिळेही त्याच्या वरच्या कडेतून गेलेले असतात ते. म्हणून वरचे शिंगल चपट्या पहारीने सोडवायला लागतात, आणि हे सकाळी थंडाव्यात करावं, दुपारी डांबर मऊ होऊन शिंगल ताणला जातो, फार थंडीत तो मोडतो. नवा सरकवला की खिळे त्याच्यावर आखलेल्या रेषेतच, डोकं पृष्ठभागाला टेकेल इतकंच, आत घुसवलं की शिंगल कापला जातो आणि पुढच्या वाऱ्याला तोच आधी जातो. सोडवलेले सगळे शिंगल परत ठिपक्यांनी चिकटवा, जुनी पट्टी धूळ बसल्यावर परत धरेल यावर विसंबू नका. आणि उघडलंच आहे तर खालचा प्लायवूड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मऊ लागला तर तो तुकडा बदलल्याशिवाय वर काहीही ठोकू नका, खिळा धरणारच नाही.

रंग जुळणार नाही, ते सोडून द्या.

बदलायचं की नाही हे खरं ठरतं ते एका परीक्षेवर: शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या शिंगलचं टोक थोडं उचला. वाकला तर दुरुस्ती होते. कडकन तडकला किंवा खडे हातात आले तर एक बदलताना चार मोडतील. अशा वेळी पॅच मारून पूर्ण छपराची तयारी करणं हेच शहाणपणाचं, कुणी कितीही स्वस्तात 'नुसते दोन बदलून देतो' म्हणालं तरी.

अजून एक, डाग जिथे आहे त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही, पाणी वाशावरून बरंच घरंगळत येतं. माळ्यावर टॉर्च घेऊन ओल कुठून सुरू होते ते वरच्या दिशेने शोधा. पाईप छपरातून बाहेर येतो तिथलं रबर आणि चिमणीलगतचं फ्लॅशिंग (सांध्यावर बसवलेला पत्रा) बघाच, रबर बऱ्याचदा शिंगलच्या आधी तडकतं आणि बोल मात्र शिंगलला लागतो. इन्शुरन्स असेल तर काही हात लावायच्या आधी फोटो काढा, आणि सिमेंट-पत्र्याची बिलं जपून ठेवा. छप्पर किती वर्षांचं आहे आणि ती टोक उचलायची परीक्षा काय म्हणते ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.